कार्यकारिणीत कोण बसते?

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात नगरसेवकांच्या जागांची वाटणी करून दिली होती. एकूण जागा ७२. त्यांतल्या ३६ करदात्यांनी वॉर्डांतून निवडायच्या, १६ सरकारने नेमायच्या, १६ शहरातल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींनी भरायच्या, दोन मुंबई विद्यापीठाच्या फेलोंनी. उरलेल्या दोन जागा बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सच्या. म्हणजे वर्गणी भरून सभासद झालेल्या व्यापाऱ्यांची ही एक संस्था, आणि तिने पाठवलेली दोन माणसे पाणीपट्टी किती असावी, गटारे कुठून न्यावीत, रस्ते कुठे रुंद करावेत यावर बाकीच्या सत्तर जणांच्या बरोबरीने मत देणार. मुंबई पोर्ट ट्रस्टवरही या चेंबरचे प्रतिनिधी बसत.

म्हणून चेंबरच्या कार्यकारिणीत कोण आहे, हा प्रश्न त्या संस्थेपुरता राहत नव्हता. ज्याची तिथे ऊठबस, त्याचा शब्द महापालिकेत आणि गोदीत पोचणार; ज्याला तिथे थारा नाही, त्याने अर्ज लिहायचा आणि उत्तराची वाट बघायची. पश्चिम भारतातल्या चेंबर्सचा इतिहास मी याच प्रश्नाच्या बाजूने वाचतो. अध्यक्षांच्या तसबिरी आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका यांतून तो फारसा कळत नाही. आधीच्या टेबलाशी कोणाला खुर्ची मिळाली नाही आणि मग त्याने काय केले, हे विचारले की तो उलगडत जातो.

बॉम्बे चेंबर २२ सप्टेंबर १८३६ रोजी स्थापन झाले. तीनच वर्षांपूर्वी, १८३३ च्या सनदी कायद्याने, ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद झाला होता. कंपनी राज्यकर्ती म्हणून उरली, व्यापारी म्हणून नाही. मुंबई बंदरातून माल आणणाऱ्या-नेणाऱ्या खासगी पेढ्यांना आता सरकारपुढे एका आवाजात बोलायची गरज होती. आठवड्याभरातच मद्रासलाही असेच चेंबर उभे राहिले. मुंबईच्या सुरुवातीच्या सभासदांत काही पारशी व्यापारी होते, पण सूत्रे युरोपीय पेढ्यांच्या हाती होती आणि पुढची कित्येक दशके ती तशीच राहिली.

या चेंबरला वजन आले ते निवेदनांमुळे नाही, रोजच्या कामामुळे. जहाजाचे भाडे कित्येकदा मालाच्या वजनावर नसते, तो माल किती जागा अडवतो यावर असते. कापसाची गाठ असेल तर ती लांब किती, रुंद किती, उंच किती, हे कोणीतरी मोजायला हवे. माल पाठवणारा कमी सांगणार, जहाज कंपनी जास्त धरणार, आणि धक्क्यावर रोज तंटा. चेंबरने आपले मापारी नेमले. त्यांनी मोजून दिलेला दाखला दोन्ही बाजू मानू लागल्या. बंदरातून काय किती आले-गेले याचे आकडे चेंबर छापू लागले. व्यवहारात वाद झाला तर कोर्टाची पायरी चढण्याआधी चेंबरचे लवाद निवाडा देऊ लागले. अशी कामे वर्षानुवर्षे चोख केली की सरकारही अशा संस्थेचे म्हणणे दुर्लक्षून चालत नाही. महापालिकेतल्या त्या दोन जागांच्या मुळाशी मापाऱ्यांची ही टेप आहे, असे मला वाटते.

दरम्यान शहर बदलत होते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी उभी केली, त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या, १८७५ मध्ये गिरणी मालकांचा स्वतंत्र संघ झाला. कापूस, सूत, कापड, तेलबिया, धान्य या बाजारांत भाटिया, लोहाणा, बोहरा, खोजा, जैन, पारशी व्यापाऱ्यांची मोठी उलाढाल होती. त्यांच्या हाताखालून जाणारा माल आणि चेंबरच्या टेबलाशी त्यांना असलेली जागा यांचा मेळ बसत नव्हता. १९०५ नंतर स्वदेशीचे वारे आले. १९०७ मध्ये मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबरची स्थापना झाली आणि मनमोहनदास रामजी पहिले अध्यक्ष झाले. पुढे १९१५ मध्ये दिनशा वाच्छा यांनी हे पद सांभाळले. वाच्छा काँग्रेसचे माजी अध्यक्ष. यावरून हे चेंबर कोणत्या दिशेने निघाले होते ते ध्यानात येते. (१९०८ मध्ये पणजीलाही पोर्तुगीज अमलाखालच्या व्यापाऱ्यांनी आपला संघ स्थापला, आजच्या गोवा चेंबरचे मूळ तेच.)

नव्या चेंबरमुळे प्रत्यक्षात काय फरक पडला हे रुपयाच्या दराच्या भांडणात सगळ्यांत स्वच्छ दिसते. १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने शिफारस केली की एक रुपया म्हणजे १८ पेन्स हा दर कायम करावा. भारतीय व्यापाऱ्यांची मागणी १६ पेन्सची होती. दोन पेन्सांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. आता हिशेब करू. एका पौंडात २४० पेन्स. लिव्हरपूलला एका पौंडाचा कापूस विकला, तर १६ च्या दराने इथल्या माणसाच्या हाती १५ रुपये पडणार. १८ च्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. तोच कापूस, तेच गिऱ्हाईक, आणि हाती एक रुपया दहा आणे आठ पै कमी. ही तूट व्यापाऱ्यापाशी थांबत नाही. ती अडत्यामार्फत खानदेश-वऱ्हाडातल्या कापूसवाल्या शेतकऱ्यापर्यंत उतरते. उलट विलायतेहून कापड आणणाऱ्याला तेच कापड रुपयात स्वस्त पडते, आणि त्याची झळ मुंबईच्या गिरण्यांना लागते.

आयोगावर इंडियन मर्चंट्स चेंबरचे एक धुरीण होते, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास. त्यांनी आयोगाच्या अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली आणि १८ पेन्सला विरोध नोंदवला. चेंबरने ही बाजू सभांतून आणि पत्रकांतून लावून धरली. १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात थोडक्या मतांच्या फरकाने १८ पेन्सच मंजूर झाले. लढाई हरली. पण ती झाली, तिचा आकड्यांसह पुरावा राहिला, आणि पुढची अनेक वर्षे विनिमय दराचा विषय निघाला की तो पुरावा पुढे येत राहिला. १८३६ च्या चेंबरवर विसंबून राहून हे झाले असते, असे मला वाटत नाही.

त्याच १९२७ सालात दोन संस्था निघाल्या आणि त्यांचे जवळजवळ येणे मला फार बोलके वाटते. घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास यांच्या पुढाकाराने ‘फिक्की’ ही देशभरच्या चेंबर्सची शिखर संस्था झाली. आणि वालचंद हिराचंद यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स काढले. एक वरच्या टोकाला, दुसरे खालच्या.

वालचंद सोलापूरचे. जन्म १८८२ चा. रेल्वेची कंत्राटे घेत घेत मोठे झाले, १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत उतरले आणि ‘लॉयल्टी’ हे जहाज विलायतेला पाठवणाऱ्यांत होते. देशी जहाजाला माल मिळू नये म्हणून ब्रिटिश कंपन्या भाडे कसे पाडतात हे त्यांनी जवळून सोसले होते. मुंबईच्या चेंबर्समध्ये त्यांना मान होता. असे असताना तिसरे चेंबर कशाला? कारण मुंबईचा टेबल कितीही भारतीय झाला तरी तो मुंबईचाच होता. कापसाचा वायदा, गोदीचे दर, विनिमयाचा भाव हे त्याचे विषय. सोलापूरच्या चादरवाल्याला सुताचा तुटवडा जाणवत होता, नगरच्या भुसार व्यापाऱ्याला वाघिणी वेळेवर मिळत नव्हत्या, कोकणातल्या व्यापाऱ्याचा माल बंदरावर अडकत होता. या माणसांना मुंबईत ओळखणारे कोणी नव्हते आणि इंग्रजीत निवेदन लिहिण्याची सवयही नव्हती. जिल्ह्याजिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला संघटनेत आणायचे तर जिल्ह्यांचीच संस्था हवी, ही वालचंदांची दृष्टी. आजही त्या चेंबरच्या रचनेत राज्याच्या विभागांना प्रतिनिधित्व देणारी उपाध्यक्षपदे आहेत, ती याच विचारातून.

पुण्यात १९३४ मध्ये मराठा चेंबर स्थापन झाले, त्यात ए. आर. भट यांचा पुढाकार होता. तेव्हाचे पुणे म्हणजे पेन्शनर, विद्यार्थी, लष्कर आणि पेठांतला व्यापार. भांडवल मुंबईला, कारखाने मुंबईला. चेंबर काढायला तिथे उद्योग होते कुठे, असे कोणी विचारले असते तर ते रास्तच ठरले असते. त्याच काळात, १९३५ मध्ये, पुण्यातच बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. मध्यम कुवतीच्या मराठी धंदेवाल्याला पैसा कुठून मिळणार आणि त्याची बाजू कोण मांडणार, हे दोन्ही प्रश्न एकाच पिढीने अंगावर घेतले. चेंबरचे ‘संपदा’ हे मासिक मराठीत निघते. त्यात अबकारीचे नियम, यंत्रांची माहिती, परदेशी बाजाराची वार्ता हे सगळे कारखान्याच्या फोरमनला समजेल अशा भाषेत येऊ लागले. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली, १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पिंपरी-चिंचवडचा पट्टा उभा राहिला. चेंबर तोपर्यंत तीस वर्षांचे होत आले होते. कारखाने आले तेव्हा त्यांच्यासाठी बोलणारी संस्था आधीपासून तिथे होती.

महाराष्ट्रातल्या या संस्थांचे एक वेगळेपण सांगायलाच हवे. पुण्याच्या, मुंबईच्या, औरंगाबादच्या चेंबर्सनी आपल्या नावात वाणिज्य आणि उद्योगाबरोबर शेतीलाही जागा दिली. साखर कारखाना, सूतगिरणी, द्राक्षांची निर्यात, दूध संघ हे जिथल्या अर्थव्यवहाराचे कणे आहेत, तिथे शेतीला बाहेर ठेवून धंद्याची संस्था चालवणे खोटे झाले असते. अर्थात नावात शेती आल्याने कार्यकारिणीत शेतकरी येतोच असे नाही. बहुधा येतो तो प्रक्रिया उद्योगवाला किंवा निर्यातदार.

आता ही कार्यकारिणी म्हणजे नेमके काय ते पाहू. आपल्याकडची बहुतेक चेंबर्स ना सरकारी आहेत ना सहकारी. मोठी चेंबर्स साधारणपणे कंपनी कायद्याखाली ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेली असतात. १९५६ च्या कायद्यात त्यासाठी कलम २५ होते, २०१३ च्या कायद्यात कलम ८ आहे. अशा कंपनीला शिल्लक राहिली तरी ती सभासदांत वाटता येत नाही, संस्थेच्या उद्देशांवरच खर्चावी लागते. काही छोट्या संघटना १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असतात. सभासदांचे वर्ग असतात: आश्रयदाते, साधारण, छोटे उद्योग, सहयोगी संस्था. वर्गणी वेगवेगळी, आणि काही ठिकाणी मताचा अधिकारही. सभासदांतून कार्यकारिणी निवडली जाते, तीत काही स्वीकृत आणि काही निमंत्रित सदस्य घेतले जातात, माजी अध्यक्ष बहुधा असतातच. अध्यक्ष बहुधा एक-दोन वर्षांचा. वरिष्ठ उपाध्यक्ष पुढचा अध्यक्ष होतो हा लेखी नियम नसला तरी पाळला जातो. आणि निवडणूक? वर्तमानपत्रातली बातमी आठवून पाहा. ‘बिनविरोध’ हा शब्द त्यात हमखास असतो.

बिनविरोधला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. बिनपगारी काम, त्यात वेळ जातो, सरकारदरबारी हेलपाटे घालावे लागतात. माणसे मिळणेच अवघड. पण बिनविरोध निवड म्हणजे नावे कुठेतरी आधी ठरली. ती कोणी ठरवली आणि कोणती नावे चर्चेलाच आली नाहीत, हे सभासदाला कळत नाही. माझ्या लेखी अध्यक्षाच्या निवडीपेक्षा नावे सुचवणाऱ्या या तीन-चार जणांच्या बैठकीला अधिक महत्त्व आहे.

कार्यकारिणीच्या एका मासिक सभेत डोकावले तर तिची कुवत आणि मर्यादा दोन्ही दिसतात. सभेची नोटीस ठरलेल्या साच्याची: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, नवीन सभासद दाखल करून घेणे, उपसमित्यांचे अहवाल, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. जीव या शेवटच्या कलमात असतो. समजा औद्योगिक वसाहतीतला एक सभासद उठतो आणि सांगतो की फीडरवर दिवसातून अनेकदा वीज ट्रिप होते आणि दर खेपेला भट्टीतला माल भंगारात जातो. समितीतला फाउंड्रीवाला लगेच मान डोलावतो, कारण त्याचेही तेच होते. सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रश्नच नाही, त्याच्या इमारतीला जनरेटर आहे. आता हा विषय ‘ऊर्जा उपसमितीकडे पाठवावा’ म्हणून संपतो, की कोणीतरी म्हणतो ‘पंधरा कारखान्यांचे ट्रिपिंगचे तारीख-वेळेसह तक्ते गोळा करू’, यावर पुढचे सगळे अवलंबून. तक्ते असतील तर महावितरणच्या मुख्य अभियंत्यापुढे बोलता येते, वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत म्हणणे मांडता येते. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांना तर आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यताच दिली, ती अशा अभ्यासाच्या जोरावर. तक्ते नसतील तर उरते नुसते निवेदन, आणि निवेदन स्वीकारतानाचा फोटो.

तक्ते कोण गोळा करते? सचिवालय. चेंबरचा अध्यक्ष येतो-जातो. महासंचालक, सचिव आणि त्यांच्या हाताखालची मंडळी राहतात. मागच्या खेपेला हाच मुद्दा मांडला तेव्हा कोणत्या अधिकाऱ्याने काय शब्द दिला होता, ती फाइल कोणत्या कपाटात आहे, हे त्यांना ठाऊक. निर्यातदाराला लागणारा ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’, म्हणजे माल भारतात बनल्याचा दाखला, चेंबरही देते, कारण परकीय व्यापार महासंचालनालयाने त्यासाठी चेंबर्सना अधिकार दिले आहेत. इनव्हॉइसशी ताडून रोजच्या रोज हे दाखले निघतात, त्याच्या शुल्कावर कार्यालयाचा बराच भार चालतो. जिथे अध्यक्ष दमदार आणि सचिवालय लेचेपेचे तिथे दोन वर्षे गाजावाजा होतो आणि मग शांत. उलट सचिवालय फार बळकट आणि कार्यकारिणी नावापुरती, तर संस्था दाखले देणारे दुकान होते. दोघांचा तोल सांभाळणे हे कार्यकारिणीचे सगळ्यांत अवघड काम, आणि त्याबद्दल स्मरणिकांत एक ओळही नसते.

कोविडच्या काळात पुण्यात या यंत्रणेचा वेगळाच उपयोग झाला. मराठा चेंबरचे तेव्हाचे अध्यक्ष सुधीर मेहता यांच्या पुढाकाराने ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स’ उभा राहिला. उद्योजक, डॉक्टर, महापालिका, जिल्हा प्रशासन एका जागी आले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘मिशन वायू’तून सिंगापूरच्या टेमासेक फाउंडेशनच्या मदतीने हजारो ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर देशात आणले गेले. कायद्याने चेंबरला असला कोणताही अधिकार नाही. पण कोणाचे गोदाम रिकामे आहे, कोणाचा माल विमानाने येऊ शकतो, कोणत्या अधिकाऱ्याला रात्री फोन केला तर चालेल, हे एकमेकांना ठाऊक असलेली माणसे एका समितीत होती. ओळखीचे हे जाळे संकटात कामी आले, याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे.

आपल्याकडे चेंबरचा सभासद होणे ऐच्छिक आहे. पटले नाही तर वर्गणी बंद करा, हवे तर नवे चेंबर काढा. १९०७, १९२७, १९३४ मध्ये तेच झाले. जर्मनीत ही वाटच बंद आहे. तिथे १९५६ च्या कायद्याने व्यवसाय करणारी जवळजवळ प्रत्येक कंपनी आपल्या विभागाच्या उद्योग-वाणिज्य चेंबरची सक्तीने सभासद असते आणि वर्गणी देणे बंधनकारक असते. त्या बदल्यात चेंबर शिकाऊ कामगारांच्या परीक्षा घेते, सरकारची काही कामे करते. मग तिथे नाराज माणसाने काय करायचे? हॅम्बुर्गमध्ये याचे उत्तर मिळाले. तिथल्या चेंबरची परंपरा १६६५ पासूनची, इमारत नगरसभागृहाला पाठ लावून उभी. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार, चेंबरने राजकारणात घेतलेल्या भूमिका आणि सक्तीची वर्गणी यांवर चिडलेल्या उद्योजकांनी ‘चेंबर म्हणजे आपणच’ अशा अर्थाच्या नावाचा गट उभा केला. २०१७ च्या सुरुवातीला निवडणूक झाली. सभेच्या ५८ जागांपैकी ५५ जागा या गटाने जिंकल्या. मतदान मात्र वीस टक्क्यांच्याही खाली होते.

पुढे काय झाले ते मला अधिक शिकवणारे वाटते. गटाचे तोबियास बर्गमान अध्यक्ष झाले. सक्तीची वर्गणी रद्द करण्याचे वचन होते. पण वर्गणी हाच चेंबरच्या उत्पन्नाचा आधार, परीक्षांची आणि कर्मचाऱ्यांची जबाबदारी कायद्याने अंगावर, आणि त्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने सक्तीचे सभासदत्व वैध ठरवले. गटात फूट पडली, डिसेंबर २०१८ मध्ये बर्गमान यांनी राजीनामा दिला, २०२० च्या निवडणुकीनंतर सूत्रे दुसऱ्यांकडे गेली. टेबलाभोवतीची माणसे एका झटक्यात बदलता आली; टेबल ज्या कायद्याच्या पायांवर उभा होता ते बदलता आले नाहीत. तरी जर्मन पद्धतीतली एक गोष्ट आपण घ्यावी अशी आहे: चेंबरच्या सभेतल्या जागा त्या विभागातल्या उद्योग-व्यवसायांच्या गटांप्रमाणे वाटलेल्या असतात. किरकोळ व्यापारी, कारखानदार, वाहतूकदार, बँका, प्रत्येकाला आपापल्या गटातून निवडून द्यायचे. कोण बसणार हे ओळखीवर सोडलेले नसते.

आपल्याकडे मात्र बाहेर राहिलेल्यांनी नवा टेबल मांडण्याचीच परंपरा चालू राहिली. २००५ मध्ये पुण्यातच मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे ‘डिक्की’, स्थापन केली. कांबळे लातूर जिल्ह्यातले, शिक्षणाने स्थापत्य अभियंता, व्यवसायाने कंत्राटदार. दीडशे वर्षांहून जुनी चेंबर्स असताना त्यांच्या कार्यकारिणींच्या याद्यांत दलित उद्योजक जवळजवळ नव्हतेच. कोणी ‘येऊ नका’ म्हटले नव्हते. पण बँकेचे कर्ज मिळत नाही, मोठ्या कारखान्याचा पुरवठादार होता येत नाही, शेड भाड्याने घ्यायला गेले की आडनाव विचारले जाते, या अडचणी मासिक सभेत कोणी मांडायच्या? नोकऱ्या मागणारे नाही, देणारे व्हायचे, हा डिक्कीचा आग्रह. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या खरेदी धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून वीस टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यातले चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून असावेत असे म्हटले. डिक्कीने ही मागणी सातत्याने लावून धरली होती. २०१३ मध्ये कांबळे यांना पद्मश्री मिळाली. माझ्या दृष्टीने त्या चार टक्क्यांचे मोल पुरस्काराहून मोठे आहे, कारण त्यावर निविदेत बोट ठेवता येते.

स्त्रियांची कथा याहून संथ आहे. इंडियन मर्चंट्स चेंबरने १९६६ मध्ये महिला शाखा सुरू केली. शाखा झाली, कामे झाली, पण मुख्य टेबल वेगळाच राहिला. १९२७ च्या फिक्कीला पहिली महिला अध्यक्ष मिळाली ती २०१३ मध्ये, नैना लाल किडवाई. छ्याऐंशी वर्षे. २०१८ मध्ये खरेदी धोरणाचा टक्का पंचवीसवर नेला गेला आणि त्यात तीन टक्के महिला उद्योजकांचे ठरले. स्वतंत्र शाखा काढून वर्षानुवर्षे जे साधले नाही ते एका अधिसूचनेतल्या आकड्याने साधू लागते. म्हणून चेंबर्सनी ‘महिला शाखा आहे ना’ असे म्हणून समाधान मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सगळ्यांत मोठा गट अजून उंबऱ्याबाहेर आहे: चार-पाच यंत्रांवर काम करणारा छोटा कारखानदार. त्याला कोणी अडवलेले नाही. सभा कामाच्या दिवशी दुपारी चारला शहराच्या मध्यावर असते. भोसरीत किंवा सातपूरला लेथवर तो स्वतः उभा असतो. तो निघाला की यंत्र थांबते. मोठी कंपनी आपला व्यवस्थापक पाठवते, त्याचा तो दिवस पगारात धरला जातो. म्हणून कार्यकारिणीत ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचे प्रश्न येतात, आणि देयके सहा-सहा महिने अडकतात हा छोट्यांचा पहिला प्रश्न मागे पडतो. बहुधा ती अडकवणारा त्याच टेबलाशी बसलेला असतो. छोट्या उद्योगांसाठी कार्यकारिणीत राखीव जागा, सभा संध्याकाळी, ऑनलाइन हजेरीला मान्यता, एकाच व्यक्तीला सलग किती मुदती याची मर्यादा: यातले काहीही अवघड नाही. त्यासाठी संस्थेच्या नियमावलीत दुरुस्ती लागते, आणि ती सर्वसाधारण सभेत सभासदच करू शकतात.

आज महापालिकेत चेंबरच्या त्या दोन जागा नाहीत, आणि जीएसटी परिषदेत केंद्राचे व राज्यांचे मंत्रीच बसतात. चेंबरकडे मत उरलेले नाही, म्हणणे उरले आहे. ते कोणाचे आहे हे पाहायचे असेल तर नव्या सभासदाने वार्षिक अहवालात दोन याद्या शोधाव्यात: कार्यकारिणीच्या सभांना कोण किती वेळा हजर होते, आणि वर्षभरात सरकारकडे कोणत्या विषयांवर लेखी म्हणणे दिले. कलम ८ खालच्या चेंबरमध्ये सभासदाला कंपनी कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते विनाशुल्क पाहता येतात. कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क मात्र त्या कलमात नाही. ती सभासदांना खुली करायची की नाही, हे ठरवते कार्यकारिणीच.